मेण : शब्द आणि वस्तू

चिऊचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. पावसात शेणाचे घर वाहून जाते, मेणाचे टिकते. पाण्याला दाद न देणे हा मेणाचा मुख्य गुण तीत आला आहे.

'मेण' हा शब्द संस्कृत 'मदन' या शब्दापासून, प्राकृत 'मयण' या रूपाने मराठीत आला. हिंदीतील 'मोम' हा मात्र फारसी शब्द होय. संस्कृतात मेणास 'मधूच्छिष्ट' असेही नाव आहे. म्हणजे मध काढून घेतल्यावर उरते ते. परंतु उरलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाची मूर्ती करून तिजवर माती लिंपावी, तापवून मेण काढावे व पोकळीत धातूचा रस ओतावा, असा विधी सांगितला आहे.

कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या ४ जोड्या असतात. मेण घडविण्यास तिला त्याच्या कित्येक पट मध खर्चावा लागतो. म्हणून पोळ्याचे तुकडे फेकून देणे म्हणजे मधच फेकणे होय. शिवाय असे तुकडे पडून राहिल्यास मेणपतंगाच्या अळ्या त्यांत वाढतात व जवळच्या पेट्यांना उपद्रव देतात.

बाजारात 'मेण' या एकाच नावाने दोन वस्तू मिळतात. मेणबत्तीचे पांढरे मेण बहुधा खनिज तेलापासून केलेले असते. ते माशीचे नव्हे. माशीच्या मेणात ते मिसळू नये. मालाची किंमत जाते व ग्राहकाचा विश्वासही जातो.

मेण काढण्याची रीत सोपी आहे. पोळ्याचे तुकडे धुऊन स्वच्छ फडक्यात बांधावेत व पाण्यात मंद आचेवर तापवावेत. मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. पुरचुंडी दाबून काढावी व पाणी सावकाश निवू द्यावे. वर मेणाची वडी जमते. लोखंडी किंवा तांब्याचे भांडे वापरू नये, मेण काळवंडते. मेण उघड्या आचेवर कधीही ठेवू नये. ते पेट घेते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मध काढण्याच्या दिवशीच ही कृती शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष करून दाखवावी.