एक वही, तीन मुक्काम
सर्व्हर सुरू करताना घ्यावयाची काळजी

यावलचे कागदाशी नाते जुने आहे. निंबाळकरांच्या अमलात हे गाव जाड देशी कागद आणि नीळ यांसाठी नावाजलेले होते. नीळ गेली, कागदही गेला. पण कागदावर जे लिहिले जात असे, ती व्यापाऱ्याची कीर्द-खतावणी आजही आहे; फक्त ती आता संगणकात गेली आहे. आपल्यापैकी काही बांधवांचे दुकान यावलला, गोदाम फैजपूरला आणि दुसरे दुकान तापीपलीकडे भुसावळला असते. अशा वेळी वही कोठे ठेवावी, हा प्रश्न उभा राहतो. एकाच ठिकाणी ठेवली तर तेथील वीज जाताच बाकी दोन ठिकाणचा व्यवहार थांबतो. तिन्हीकडे वेगवेगळी ठेवली तर रात्री हिशोबाचा मेळ बसत नाही.

तिन्ही ठिकाणी एकच वही ठेवण्याची सोय आता संगणकशास्त्राने केली आहे. तिला विभागलेला डेटाबेस म्हणतात. त्यातील प्रत्येक संगणकाला नोड आणि सर्व नोड मिळून होणाऱ्या समूहाला क्लस्टर असे नाव आहे. या लेखात आम्ही तिच्या एकाच अंगाचा विचार करणार आहोत: सर्व्हर सुरू करताना त्याला काय काय सांगावे लागते. घोटाळा बहुधा येथेच होतो. तो आमच्या हातूनही झाला आहे.

आमची चूक

मोटारपंपाचे सुटे भाग आणि रिवाइंडिंगची तांब्याची तार विकणाऱ्या एका स्नेह्याकडे आम्ही तीन ठिकाणी तीन संगणक बसवून दिले. तिन्ही सर्व्हर चालू झाले, कोठेही तक्रार दिसली नाही. मालाची आरंभीची शिल्लक आम्ही तिन्ही संगणकांत भरली आणि समाधानाने घरी आलो.

चौथ्या दिवशी कळले की गोदामातील तारेचे एकच रीळ दोनदा विकले गेले आहे. यावलच्या दुकानाने ते एका केळी बागाईतदाराला देऊ केले होते आणि भुसावळच्या दुकानाने एका रिवाइंडिंग कारागिराला. दोघांचेही पैसे घेतलेले होते. दिवस वैशाखाचे, बागेवरची मोटार जळालेली आणि केळीला पाण्याचा खंड चालत नाही. आमच्या स्नेह्याने बागाईतदाराला दिलेला शब्द मोडला. नुकसान एका रिळाचे नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या विश्वासाचे होते.

शोध घेतल्यावर कारण सापडले. आम्ही तिन्ही सर्व्हर 'मी एकटाच आहे' अशा रीतीने सुरू केले होते. एक वही तयार झालीच नव्हती. तीन स्वतंत्र वह्या तयार झाल्या होत्या. खरे तर आरंभीची शिल्लक तीनदा भरावी लागली तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. वही एकच असती तर यावलला लिहिलेले भुसावळला आपोआप दिसले असते. अशा वेगळ्या सुरू झालेल्या वह्या नंतर एकमेकींत मिसळता येत नाहीत. चार दिवसांची बिले हाताने पुन्हा भरावी लागली.

तीनच का?

दोन भागीदारांत मतभेद झाला तर निकाल लागत नाही, तिसरा पंच असला तर लागतो. या डेटाबेसचा कारभार असाच चालतो. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन नोडवर असतात आणि तिघांपैकी दोघांनी 'लिहिले' असे कळविल्यावरच नोंद पक्की होते. बहुमताची ही पद्धत 'राफ्ट' या नावाने ओळखली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी ती २०१४ साली शोधनिबंधात मांडली. तिच्यामुळे तीनपैकी एक नोड बंद पडला तरी धंदा चालू राहतो. दोन बंद पडले तर उरलेला एकटा लिहिण्यास नकार देतो. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे. चुकीचे लिहिण्यापेक्षा थांबणे बरे, एवढाच त्याचा अर्थ. दोनच नोड ठेवले तर बहुमताला दोन्ही लागतात, म्हणून दोन नोडांचा काहीच लाभ होत नाही.

सुरुवातीचे पर्याय

उदाहरणासाठी आम्ही 'कॉकरोच-डीबी' हा डेटाबेस घेतो. तो करणारी कंपनी २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. झुरळ सहजासहजी मरत नाही, म्हणून हे नाव. त्याचा सर्व्हर 'स्टार्ट' या आज्ञेने सुरू होतो आणि आज्ञेच्या पुढे पर्याय लिहावे लागतात. महत्त्वाचे पर्याय असे:

१) स्टोअर. वही डिस्कवर कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, हे येथे सांगावे. पुढच्या वेळी यात एका अक्षराची चूक झाली तर सर्व्हर नवे कोरे फोल्डर उघडतो आणि चौथा नवा नोड म्हणून समूहात शिरतो. जुना नोड मात्र मृत गणला जातो.

२) लिसन आणि ॲडव्हर्टाइज. पहिला पर्याय सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकायचे ते ठरवतो, दुसरा इतरांनी त्याला कोणत्या पत्त्यावर हाक मारायची ते. नोडांचे आपापसातील बोलणे २६२५७ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. दुसऱ्या पर्यायात 'लोकलहोस्ट' लिहिणे म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानाचा पत्ता 'माझ्या घरी' असा सांगणे होय. तीन गावांत स्थिर पत्ते किंवा खासगी जाळे, म्हणजे व्हीपीएन, असल्याशिवाय हे काम करू नये.

३) जॉइन. सर्वांत महत्त्वाचा पर्याय. यात तिन्ही नोडांचे पत्ते स्वल्पविराम देऊन लिहावे आणि तीच यादी तिन्ही ठिकाणी जशीच्या तशी द्यावी. आमची चूक येथेच होती. एकट्या सर्व्हरसाठी 'स्टार्ट-सिंगल-नोड' ही वेगळी आज्ञा आहे. आम्ही तीच तिन्हीकडे दिली होती. ती सरावासाठी ठीक, समूहासाठी नव्हे.

४) लोकॅलिटी. नोड कोणत्या गावात आहे हे येथे सांगावे. तीनच नोड असताना प्रत्येकाकडे एक प्रत जाते, म्हणून याचे महत्त्व जाणवत नाही. पण उद्या यावलला दुसरा नोड घेतला आणि हा पर्याय दिला नाही, तर एकाच नोंदीच्या दोन प्रती यावललाच, एकाच विजेच्या तारेवर पडू शकतात.

५) कॅश आणि मॅक्स-एसक्यूएल-मेमरी. संगणकाच्या स्मृतीतील किती वाटा वहीच्या वाचनाला आणि किती हिशोबाच्या प्रश्नांना द्यायचा, हे यात ठरते. दोन्हींना पाव-पाव वाटा द्यावा. नियम असा की दुसऱ्याची दुप्पट अधिक पहिला, ही बेरीज एकूण स्मृतीच्या ८० टक्क्यांवर जाऊ नये. त्याच संगणकावर बिलाचा दुसरा प्रोग्राम चालत असेल तर वाटा आणखी कमी करावा.

६) सर्ट्स-डिर. ओळखपत्रांचे फोल्डर. प्रत्येक नोडला त्याच्या पत्त्याचे स्वतंत्र ओळखपत्र करून द्यावे लागते. हे काम टाळण्यासाठी 'इनसिक्युअर' हा पर्याय देण्याचा मोह होतो. तो दिल्यास जाळ्यावर असलेला कोणीही आपली वही उघडू शकतो. गिऱ्हाइकांची उधारी ही आपल्याकडची अमानत आहे. ती अशी उघडी टाकू नये.

घड्याळाविषयी एक शब्द. कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची, हे ठरवण्यासाठी नोडांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. न सांगितल्यास सर्व्हर ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद, इतकाच फरक चालवून घेतो. एखाद्या नोडचे घड्याळ निम्म्या किंवा अधिक सोबत्यांपासून या मर्यादेच्या ८० टक्के इतके सरकले तर तो नोड स्वतःच बंद होतो. म्हणून ही मर्यादा वाढवण्यापेक्षा तिन्ही संगणकांवर एनटीपीद्वारे वेळ जुळवण्याची सोय चालू ठेवावी.

एकदाच करावयाचे काम

तिन्ही नोड या पर्यायांनिशी सुरू झाले तरी वही अजून उघडलेली नसते. कोणत्याही एका नोडवर 'इनिट' ही आज्ञा द्यावी लागते. ती साऱ्या आयुष्यात एकदाच, एकाच ठिकाणी द्यायची. वीज जाऊन आल्यावर फक्त 'स्टार्ट' पुरते. नोड आपले फोल्डर पाहून सोबत्यांना ओळखतो आणि मागे राहिलेल्या नोंदी उतरवून घेतो.

त्यानंतर तीन कसोट्या घ्याव्या. पहिली: 'नोड स्टेटस' विचारल्यावर एकाच यादीत तिन्ही नावे दिसली पाहिजेत. दुसरी: यावलला एक नोंद करून ती फैजपूर आणि भुसावळला वाचून पाहावी. तिसरी: एका संगणकाची वायर मुद्दाम काढावी आणि बाकी दोन ठिकाणी बिल करून पाहावे. आम्ही यांपैकी पहिली कसोटी जरी घेतली असती तरी ते रीळ दोनदा विकले गेले नसते.

कोणी या वाटेला जाऊ नये

एकच दुकान असलेल्या बांधवाला याची गरज नाही. त्याने एक चांगला संगणक घ्यावा आणि रोज रात्री वहीची प्रत काढून ती दुसऱ्या जागी ठेवावी. तीन नोड असलेल्यानेही ही प्रत काढलीच पाहिजे. चुकून खोडलेली नोंद तिन्ही ठिकाणी तितक्याच तत्परतेने खोडली जाते. तीन प्रती म्हणजे जुनी वही जपून ठेवणे नव्हे. शिवाय प्रत्येक नोंदीला दुसऱ्या गावाच्या होकाराची वाट पाहावी लागते, म्हणून तार मंद असेल तर बिलही मंद निघते.

परवान्याचीही चौकशी करावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या २४.३ या आवृत्तीपासून या डेटाबेसला परवाना लागतो. वार्षिक महसूल एक कोटी डॉलरच्या आत असलेल्या धंद्याला तो मोफत मिळतो, पण दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो आणि वापराची काही माहिती कंपनीकडे जाऊ द्यावी लागते. ही अट मान्य आहे का, हे मालकाने ठरवावे. बसवून देणाऱ्याने परस्पर ठरवू नये.

शेवटी एक साधी गोष्ट. आम्ही आता प्रत्येक ठिकाणी सुरू करण्याची पूर्ण आज्ञा कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवतो आणि तीच संगणक चालू होताच आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था करतो. आठवणीवर विसंबून कोणी सर्व्हर सुरू करू नये. तीन सर्व्हर चालू आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. ते एकमेकांना ओळखतात की नाही, हे आधी विचारावे आणि मगच पहिले बिल फाडावे.