लिनक्स : नवशिक्यांसाठी सुलभ कसे झाले?

शाळेस वा ग्रामपंचायतीस मिळालेल्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी, असा विचार अनेकदा पुढे येतो. परंतु पहिल्याच दिवशी धड्याची ध्वनिफीत लावावी आणि ती वाजू नये, म्हणजे नवशिक्याचा विश्वास डळमळतो. प्रणालीच निकामी आहे, असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः या अडचणींची कारणे दोन होती, आणि दोहोंवर क्रमाक्रमाने उपाय निघाले आहेत.

सामाईक भांडार

लिनक्सवरील सॉफ्टवेअर 'पॅकेज' या स्वरूपात मिळते. एक पॅकेज चालण्यास बहुधा अन्य अनेक पॅकेजे लागतात. पूर्वी ती एकेक शोधून बसवावी लागत. एकाचीही आवृत्ती जुळली नाही, तर सारे काम अडे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात पॅकेजे सामाईक भांडारात ठेवून, कोणत्या पॅकेजास काय लागते याची नोंद त्यासोबतच करण्यात येऊ लागली. १९९९ सालच्या डेबियन २.१ या आवृत्तीसोबत 'ॲप्ट' हे साधन आले. मागितलेल्या पॅकेजास लागणारी इतर पॅकेजे ते स्वतःच आणून बसवू लागले. २००९ सालच्या उबुंटू ९.१० मध्ये 'सॉफ्टवेअर सेंटर' आले आणि आज्ञा टंकलिखित करण्याचेही कारण उरले नाही. यादीतून निवडावे व कळ दाबावी, इतके ते सोपे झाले.

ध्वनिफीत का वाजत नसे?

ध्वनी व चित्रे संक्षिप्त रूपात साठविलेली असतात. ती उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला 'कोडेक' म्हणतात. एमपी३ सारख्या पद्धतींवर पेटंटहक्क असल्याने अनेक वितरक कोडेक सोबत देत नसत. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, कायद्याची होती. २००६ साली सुरू झालेल्या लिनक्स मिंटने आरंभीच्या काळात कोडेक सोबतच देण्याची वाट धरली. २००७ सालच्या उबुंटू ७.०४ मध्ये मधला मार्ग निघाला. फीत उघडताच प्रणाली उणीव सांगे, कायदेशीर बंधनांची जाणीव देई आणि संमती मिळाल्यावर कोडेक आणून बसवी. एमपी३चा परवाना कार्यक्रम २०१७ साली संपुष्टात आला. तथापि काही चित्रफितींच्या पद्धतींबाबत हा प्रश्न अद्यापि शिल्लक आहे.

काय करावे?

उबुंटू बसविताना अतिरिक्त माध्यम-स्वरूपांचा पर्याय विचारला जातो, तो निवडावा. हे काम इंटरनेट उपलब्ध असलेल्या ठिकाणीच उरकावे. संगणक वर्गात नेण्यापूर्वी धड्याची प्रत्यक्ष फीत एकदा लावून पाहावी. सॉफ्टवेअर शक्यतो प्रणालीच्या भांडारातूनच घ्यावे. भांडाराच्या सूचीवर डिजिटल स्वाक्षरी असते व ती पडताळली जाते. अनोळखी संकेतस्थळावरून आणलेल्या फाइलीस असे संरक्षण असेलच असे नाही.

एवढी पूर्वतयारी झाली, तर पहिल्या तासाला शिक्षकाची अडचण होणार नाही आणि विद्यार्थ्यांचा धडाही बुडणार नाही.