ख्रिस्ती मठजीवनाचा उगम आणि प्रभाव

ख्रिस्ती मठजीवनाची सुरुवात युरोपात नव्हे, तर इजिप्तच्या वाळवंटात झाली. तिसऱ्या शतकात अँथनी नावाचा तरुण आपली जमीन सोडून एकांतवासात गेला. चौथ्या शतकात पाकोमियसने अशा एकेकट्या साधकांना नाईलकाठी एकत्र आणून सामुदायिक मठ उभारला.

युरोपात या विचाराला कायमचे रूप दिले ते इटलीतील बेनेडिक्टने (सुमारे ४८० ते ५४७). माँटे कॅसिनो येथे त्याने मठ स्थापला व ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी. मठवासीयाची स्वतःची मालमत्ता नसावी, लेखणीसुद्धा नाही. प्रार्थनेबरोबर अंगमेहनत व वाचन रोज व्हावे. कोणाला कोणते अवजार दिले याची यादी मठाधिपतीने ठेवावी. (आम्हा रजिस्टर सांभाळणाऱ्यांना हे कलम विशेष जवळचे!) परंतु खरे मोलाचे कलम दुसऱ्या प्रकरणात आहे: गुलाम म्हणून जन्मलेल्या मठवासीयापेक्षा स्वतंत्र कुळात जन्मलेल्यास केवळ जन्मामुळे वरचे स्थान देऊ नये. ज्येष्ठता साधारणतः प्रवेशाच्या वेळेवरून ठरे. विनयातही ती उपसंपदेवरून ठरते, हे वाचक जाणतातच. ज्या समाजात कष्ट हे गुलामांचे काम मानले जाई, तेथे शिकलेल्या माणसाने कुदळ हाती घेणे ही साधी गोष्ट नव्हती.

हे पुढे टिकले काय? पूर्णपणे नाही. मठांना जमिनी मिळाल्या, संपत्ती वाढली. १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे श्रमाकडे परतण्याची सुधारणा झाली. पण त्याच पंथाने निरक्षर शेतकऱ्यांना ‘श्रमबंधू’ म्हणून घेतले. त्यांची झोपण्याची जागा निराळी, चर्चमधील बसण्याची जागा निराळी, आणि त्यांना पूर्ण मठवासी होता येत नसे. शेती त्यांनी करावी, ग्रंथ इतरांनी वाचावेत! माझ्या मते बेनेडिक्टच्या दुसऱ्या प्रकरणाचा हा पराभवच होय.

तरीही मठांचे ऋण मोठे आहे. अनेक लॅटिन ग्रंथ मठवासीयांनी नकलून ठेवले म्हणूनच आज वाचता येतात. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद केले, तेव्हा त्यांची ग्रंथालयेही विखुरली.

या नकललेल्या ग्रंथांत एक कथा राजपुत्र जोसाफतची होती. भारतातील हा राजपुत्र राजवैभव सोडून संन्यासी होतो. ही कथा अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करीत लॅटिनमध्ये आली. जोसाफत हे नाव ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचेच बदललेले रूप आहे. युरोपातील मठांत शतकानुशतके सिद्धार्थाचे चरित्र एका ख्रिस्ती संताचे म्हणून वाचले जात होते.