‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी

पोरी,

तुला किनाऱ्याजवळचं आरोग्य केंद्र मिळालं हे ऐकलं आणि मला आधी आठवला तो जुलैतला तिथला ओला वास. कपडे वाळत नाहीत, मिठाची बरणी पाझरते आणि मायक्रोस्कोपच्या काचेवर बुरशी धरते. थुंकीची स्लाइड कशी रंगवायची, किती फील्ड बघायची हे तू शिकून आली आहेस, ते मी सांगत बसत नाही. मशीन कसं सांभाळायचं तेवढं सांगतो, कारण ते परीक्षेत कुणी विचारत नाही.

आधी माझी चूक ऐक. नोकरीला चार वर्षं झाली होती, पावसाळा होता. एका बाईचे क्षयाच्या तपासणीचे थुंकीचे तीनही नमुने मी निगेटिव्ह लिहिले. दहा-बारा दिवसांनी ती पुन्हा आली, आणखी वाळलेली. डॉक्टर म्हणाले, ‘मला पटत नाही, त्याच स्लाइड पुन्हा बघ.’ मी कपाटातली एक जुनी स्लाइड काढली, जिच्यात प्रत्येक फील्डमध्ये लाल जंतू भरलेले होते हे मला पाठ होतं. ती लावली, तर निळसर धुक्याशिवाय काही दिसेना. 100च्या लेन्सच्या तोंडावर वाळलेल्या तेलाचा पापुद्रा होता. तो पुसून त्या बाईच्या स्लाइड पुन्हा पाहिल्या. दुसऱ्या नमुन्यात जंतू होते. तेवढे दिवस ती घरात दोन लहान मुलांना कुशीत घेऊन झोपत होती. मला ते आजही विसरता येत नाही.

एवढ्याशा पापुद्र्याने इतकं का बिघडतं? क्षयाचा जंतू लांबीला 1 ते 4 मायक्रॉन, जाडीला 0.2 ते 0.5. आणि साध्या उजेडात, चांगल्यातल्या चांगल्या 100च्या लेन्सने, साधारण 0.2 मायक्रॉन अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, त्याहून जवळच्या एकात एक मिसळतात. म्हणजे जंतूची जाडी मशीनच्या ताकदीच्या अगदी काठावर आहे. कुठेही थोडी कसर राहिली की तो काठाच्या पलीकडे जातो. अशा वेळी मशीन ‘मला दिसत नाही’ म्हणत असतं आणि आपण ‘जंतू नाहीत’ असं लिहून मोकळे होतो.

तेल घालतो तेही ह्याच काठासाठी. काचेतून निघालेला तिरका उजेड हवेत आला की वाकतो, लेन्सच्या बाहेर सांडतो. तेलाची प्रकाश वाकवण्याची ताकद जवळपास काचेइतकीच, 1.515, म्हणून उजेड सरळ लेन्समध्ये शिरतो. तेलाचा एकच थेंब, उंचावरून टाकायचा. ड्रॉपरचं टोक स्लाइडला टेकू द्यायचं नाही; टेकलं तर ह्या रुग्णाचे जंतू बाटलीतून पुढच्याच्या स्लाइडवर जातील आणि निरोगी माणूस सहा महिने औषधं खाईल. थेंबात बुडबुडा अडकला तर चित्रावर सावली हलते. लेन्स हलकेच इकडेतिकडे फिरवली की तो निघतो. आणि दोन वेगळ्या बाटल्यांची तेलं कधी मिसळू नको, गढूळ होतात. जुनं देवदाराचं तेल वाळून लाखेसारखं घट्ट व्हायचं. हल्लीची तेलं वाळत नाहीत, पण धूळ धरतात. दोन्ही पुसावीच लागतात.

एकदा तेल लावलं की त्या स्लाइडवर 40ची लेन्स पुन्हा आणायची नाही. ती कोरडी वापरायची लेन्स आहे, काचेच्या इतकी जवळ येते की तेलातून ओढली जाते आणि मग महिनाभर ‘40 धूसर दिसते’ म्हणून सगळे बडबडतात. तेलात बुडालेल्या 40च्या लेन्समुळे मी कितीतरी मशीनं बिघडलेली समजून दुरुस्तीला जाताना पाहिली.

पुसायची रीत अशी. आधी रबरी फुग्याने वारा मारून कण उडवायचे, तोंडाने फुंकर घालायची नाही, थुंकीचे तुषार बसतात. मग लेन्स पेपर घडी करून काचेवर नुसता टेकवायचा, तेल त्याने ओढून घ्यायचं. पहिल्याच झटक्याला घासलं तर तेलातली धूळ काचेवर ओरखडे काढते. दर टेकवणीला कागदाची कोरी बाजू. तेवढ्याने गेलं नाही तरच कागद लेन्स क्लीनरने किंचित ओला करायचा. झायलीनची सवय लावून घेऊ नको, ते काचा चिकटवलेलं सिमेंट सोडवतं. ओढणी, कापूस, रुमाल, हातात येईल ते, हे तर नकोच. हे काम रोज संध्याकाळी निघण्याआधी करायचं. पॉझिटिव्ह स्लाइड पाहिली की मात्र लगेच.

पुसलं ते खरंच स्वच्छ झालं का, हे बघायला वेगळं भिंग नको. आयपीस काढ, उलटा धर, त्याचं खालचं तोंड डोळ्याशी आण आणि दुसरं तोंड लेन्सच्या अगदी जवळ ने. उजेडात तिरपं धरलंस की तेलाची कडा, बोटाचा ठसा, बुरशीचे धागे सगळं दिसतं. आणि चित्रात ठिपका दिसला तर लगेच सगळं पुसायला धावू नको. आयपीस फिरव, ठिपका फिरला तर घाण आयपीसवर. स्लाइड सरकव, सोबत सरकला तर स्लाइडवर. दोन्हींनी हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह बदल, गेला तर ती घाण त्या लेन्सवर. तरी राहिला तर कंडेन्सर किंवा दिव्याची काच.

बुरशीचं मात्र पुसण्याने भागत नाही. लेन्सच्या आतल्या बाजूला ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. झाली की लेन्स गेलीच समज, म्हणून होऊ द्यायची नाही. तिला ओल आणि कोंडलेली हवा लागते. आपण जुन्या लाकडी पेटीत मशीन बंद करून ठेवतो आणि काळजी घेतली असं समजतो. पावसाळ्यात ती पेटीच ओल धरते. कपाटात तळाशी 40 वॉटचा पिवळा बल्ब चालू ठेव, वर-खाली भोकं असू देत, हवा उबदार आणि कोरडी राहते. मशीनला बल्बपासून हातभर लांब ठेव. वीज जाते तिथे सिलिका जेल डब्यात भरून ठेव. ओल ओढून ते रंग बदलतं, निळं असेल तर गुलाबी होतं, मग तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरायचं. मशीन हवाबंद पिशवीत ठेवणार असशील तर सिलिका आत हवंच.

उजेडाबद्दल एकच सांगतो, कारण सगळे इथेच चुकतात. चित्र फार लख्ख दिसलं की मुलं कंडेन्सर खाली करतात. तसं करू नको. थुंकीच्या रंगवलेल्या स्लाइडला कंडेन्सर जवळजवळ वरपर्यंत आणि त्याचा पडदा बराच उघडा. उजेड जास्त वाटला तर दिव्याचा नॉब कमी कर. लघवीच्या न रंगवलेल्या ओल्या स्लाइडला उलट, पडदा बराच मिटायचा, नाहीतर पेशी काचेसारख्या पारदर्शक होऊन नजरेतून निसटतात.

फोकस करताना लेन्स आणि स्लाइड जवळ आणायची ती बाजूने बघत. डोळा आयपीसला लावल्यावर मोठा नॉब फक्त दूर नेण्यासाठी. सुरुवातीच्या दिवसांत ही सवय हाताला लाव, मग एकही स्लाइड फुटणार नाही. आणि दोन्ही डोळे उघडे ठेव. उजव्या डोळ्याने आधी नॉब लाव, मग डाव्या आयपीसची कडी फिरवून डावा डोळा जुळव. हे रोज केलंस तर शंभर फील्ड बघून डोकं दुखणार नाही.

ती जुनी स्लाइड अजून माझ्याकडे आहे, पण रंग उडत आला आहे. तुझ्या केंद्रात पहिली खात्रीची पॉझिटिव्ह मिळाली की तिच्यावरचं तेल नीट टिपून ती डबीत, अंधारात जपून ठेव. रोज सकाळी मशीन चालू केलंस की आधी ती लाव. लाल जंतू दिसले की मगच दिवसाची पहिली स्लाइड उचल. गणपतीत येशील तेव्हा तुझ्या 100च्या लेन्सचं तोंड उलट्या आयपीसने बघून सांग, पावसाळा कसा गेला.

तुझा मामा