गाडीचा पंखा का फिरेना? – बिघाड शोधण्याचा एक पाठ



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. फुलंब्रीहून जळगाव रोडने घरी हर्सूलला येत होतो. गाडी सासऱ्यांची, पेट्रोलची, वीस वर्षं जुनी. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध होता. हर्सूल टी-पॉइंटला गर्दीत अडकलो आणि दहा मिनिटांत काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटखालून वाफा यायला लागल्या. सासरे (त्यांना आम्ही दादा म्हणतो) फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी त्यांचा हातच धरला.

हा पाठ इथूनच सुरू होतो. रेडिएटर म्हणजे एक प्रकारचा प्रेशर कुकरच. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, पाणी क्षणात उकळतं आणि तोंडावर, हातावर उडतं. म्हणून गरम इंजिनचं झाकण कधीही उघडायचं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थांबा. आम्ही पाऊण तास थांबलो. इंजिन निवल्यावर कमी झालेलं पाणी भरलं आणि गर्दी ओसरल्यावर घर गाठलं. तापलेली गाडी तशीच दामटली असती तर इंजिनचं हेड वाकून मोठा खर्च निघाला असता.

आधी निरीक्षण

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने नुसतं ऐकूनच सांगितलं, "पंख्याची मोटर जळाली, पूर्ण सेट बदला." खर्च साडेचार हजार. दादा तयारही झाले. पण माझ्या सहावीतल्या मुलाने विचारलं, "आई, त्यांनी मोटर तपासली का?" प्रश्न बरोबर होता.

मग आम्ही वहीत एवढंच लिहिलं: गाडी पळताना काटा ठीक, उभी राहिली की वर. पळताना समोरून वारा रेडिएटरमध्ये शिरतो आणि पाणी थंड करतो. उभ्या गाडीत ते काम विजेचा पंखा करतो. म्हणजे पहिला संशय पंख्यावर. पाणी कमी असतं किंवा पाण्याचा पंप बिघडला असता तर काटा बहुतेक पळतानाही चढला असता.

विजेचा रस्ता

शेजारच्या वायरमनकाकांना बोलावलं आणि कागदावर आकृती काढली:

बॅटरी → फ्यूज → रिले → मोटर → गाडीची बॉडी (अर्थ) → परत बॅटरी

पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की थर्मो स्विच जोडला जातो. तो रिलेला सांगतो आणि रिले मोटरला करंट देतो. या साखळीतली एक कडी जरी तुटली तरी पंखा बंद. ती कोणती, ते ओळखायचं.

एका वेळी एकच तपासणी

१. फ्यूज: काढून पाहिला. तार शाबूत. (फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. तिथे तार गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.)

२. मोटर: पंख्याचा प्लग काढून मोटरला फ्यूज असलेल्या वायरने थेट बॅटरी दिली. पंखा भर्रकन फिरला! म्हणजे मोटर चांगली. साडेचार हजार इथेच वाचले.

३. स्विच आणि रिले: पंख्याचा प्लग परत लावला. चावी ऑन करून थर्मो स्विचच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडल्या. रिलेमधून 'टक' आवाज आला, पंखा मात्र ढिम्म.

४. मीटर: वायरी तशाच जोडलेल्या ठेवून मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर लावला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. लाल पिन पंख्याच्या लाल वायरला लावली, तर १२.१ व्होल्ट. करंट मोटरच्या दारापर्यंत येत होता. मग पंख्याच्या काळ्या वायरला लावली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. आलं ११.८! मोटरच्या वाट्याला उरले जेमतेम ०.३ व्होल्ट.

करंट आत येत होता, पण परत जायची वाट बंद होती. ही तपासणी प्लग लावूनच करायची. प्लग काढून मोजलं असतं तर मीटरने खराब अर्थवरही १२ दाखवले असते, कारण मीटर फार थोडा करंट ओढतो. भार पडल्यावरच कमजोर जोड उघडा पडतो.

काळ्या वायरचा माग काढला. हेडलाइटच्या मागे बॉडीला कसलेला एक बोल्ट, त्याखाली हिरवट-पांढरा गंज. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, १० नंबरच्या पान्याने बोल्ट सोडला, पॉलिश पेपरने घासला, घट्ट कसला, वरून ग्रीस लावलं. बॅटरी जोडून पुन्हा मोजलं, ०.१ व्होल्ट. पंखा सुरू!

पडताळणी हवीच. तारेचा तुकडा काढून स्विचचा प्लग लावला आणि गाडी उभ्यानेच चालू ठेवली. काटा मध्याच्या थोडा वर गेला, पंखा आपणहून लागला, थोड्या वेळाने बंद झाला. असं दोनदा झालं. म्हणजे थर्मो स्विचही ठीक. तेव्हा कुठे दादा हसले.

*सावधान:* पंखा अचानक सुरू होऊ शकतो, बोटं लांब ठेवा. कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाड्यांत सेन्सरच्या वायरी अशा जोडू नका, ते काम जाणकाराकडेच द्या.

वर्गात काय न्यायचं?

आपणही कधी कधी त्या गॅरेजवाल्यासारखं करतो. "याला गणित येतच नाही," असं म्हणून मोकळे होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची वजाबाकी सतत चुकायची. मी पायरीपायरीने तपासलं. ४८ – २५ बरोबर. ५२ – १७ बरोबर. २०५ – ३८ चूक. हातचा त्याला घेता येत होता, मध्ये शून्य आलं की तो अडायचा. शतक मोडून दहा दशक करणं, एवढीच कडी तुटलेली होती. काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो आणि चार दिवसांत जमलं. त्याआधी सहा महिने मी त्याला 'कच्चा' समजत होते, याचं वाईट वाटतं.

कृती: एक सेल, छोटा बल्ब, दोन वायरी आणि एक स्विच जोडा. एका जोडात कागदाचा बारीक तुकडा गुपचूप अडकवा. गटाने बिघाड शोधायचा. नियम दोन: एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि प्रत्येक तपासणीनंतर काय कळलं ते वहीत लिहायचं.

विचार करा:
१. गाडी पळतानाही काटा चढत असेल तर आधी काय तपासाल?
२. रिलेचा 'टक' आवाज आलाच नसता तर संशय कोणावर?
३. तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाची 'मोटर' तुम्ही न तपासताच जळाली म्हणून सांगितली आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणाला दाखवू नका. आपल्यापुरतंच लिहा.