औषधाने वजन वाढलं, तर खर्च कुठे करायचा?

गोळी सुरू झाली आणि चार-पाच महिन्यांत कपडे घट्ट झाले, की बहुतेकांचा पहिला खर्च चुकीच्या दुकानात होतो. प्रोटीन पावडर येते, ‘फॅट बर्नर’ येतो, जिमचे वर्षभराचे पैसे भरले जातात. औषधाची चिठ्ठी मात्र कपाटातून कुणी बाहेर काढत नाही. ती आधी काढा, त्याला पैसे पडत नाहीत.

ब्रँडचं नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरात छापलेला कंटेंट वाचा. मधुमेहात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, पायोग्लिटाझोन आणि इन्सुलिन, मनोविकारांत ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, मिर्टाझापिन, फिट्ससाठी व्हॅलप्रोएट, नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिन आणि प्रीगाबॅलिन, अर्धशिशीवर फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, शिवाय प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स. ही वजन वाढवणारी नेहमीची मंडळी. वाढ किती होते? २५७ चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ग्लिमेपिराइडने सरासरी २.१ किलो, पायोग्लिटाझोनने २.६, ओलान्झापिनने २.४ आणि गॅबापेंटिनने २.२ किलो वाढ दिसली. ही सरासरी झाली. ओलान्झापिनवर काहींचं वजन दहा किलोंनीही वाढतं. उलट, वजन पंधरा किलोंनी वाढलंय आणि गोळी ग्लिमेपिराइडची आहे, तर सगळा दोष गोळीच्या माथी मारू नका.

म्हणून दुसरा खर्च वजनकाट्याचा. घरगुती डिजिटल काटा साधारण हजार रुपयांत येतो. गोळी सुरू करण्याआधीचं वजन लिहून ठेवा, मग आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी. तीन-चारशे रुपयांत टीएसएच करून घेतली, तर थायरॉइडची शंकाही फिटते.

आता मधुमेहाकडे, कारण खरा फरक तिथेच पडलाय. ग्लिमेपिराइड लोकप्रिय झाली ती स्वस्त आहे म्हणून, आणि साखर पटकन उतरते म्हणून. पण साखर फार खाली गेली की हातपाय थरथरतात, माणूस बिस्किटांच्या डब्याकडे धावतो, आणि लघवीवाटे वाया जाणारी साखरही आता अंगी लागते. वजन न वाढवणारे पर्याय महाग, म्हणून वर्षानुवर्षं हीच गोळी चालू राहिली. ते कारण आता जवळपास संपलंय. मेटफॉर्मिन तर दोन-तीन रुपयांनाच मिळते आणि वजन थोडं उतरवते. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं. तिने वजन वाढत नाही. जनऔषधी केंद्रांत ती आली तेव्हा १०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांना १०० रुपये होते, म्हणजे महिन्याला तीनशे. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपास असलेली एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी त्यानंतर काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. या दोन्हींनी वजन दोन-तीन किलो उतरू शकतं. मात्र लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट आधी बघावा लागतो. जुनी चिठ्ठी पुढे ढकलत असाल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: “या गोळीने वजन वाढतं का? हिच्याऐवजी दुसरी चालेल?” विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलेच तर दुसरे डॉक्टर आहेत.

मनोविकारांत हिशेब वेगळा. ओलान्झापिन परस्पर बंद केली आणि आजार उलटला, तर खासगी रुग्णालयातल्या चार दिवसांच्या बिलात वर्षाची औषधं येतील. अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या औषधाने वजन कमी वाढतं, पण ते प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. काही मानसोपचारतज्ज्ञ ओलान्झापिनसोबत मेटफॉर्मिन देतात. त्याचा भार महिन्याला शे-दीडशे रुपये. तेवढेही जड असतील, तर महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते.

स्टेरॉइड पाच-सात दिवसांचं असेल, तर वजनाची काळजी सोडा. महिनोनमहिने चालू असेल, तर मीठ कमी करा आणि स्टेरॉइड एकदम कधीही थांबवू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर निजलेलं असतं, जिवावर बेतू शकतं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही अनेकदा स्टेरॉइड सापडलंय. त्या शंभर रुपयांना मिळोत की फुकट, नकोतच.

वजन उतरवणारी इंजेक्शनं ही शेवटची पायरी. टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या कुपीला ३,५०० आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीला ४,३७५ रुपये होते. दर आठवड्याला एक कुपी धरली तर महिन्याला १४,००० ते १७,५००, आणि बंद केल्यावर वजन बऱ्यापैकी परत येतं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, तेव्हा त्याचा भाव दर वेळी नव्याने विचारा. पण वजन वाढवणारी गोळी चालू ठेवून वर हे इंजेक्शन विकत घेणं मला तरी पटत नाही.

गोळी बदलली, की महिन्याचा साठा एकदम भरू नका. आधी एकच स्ट्रिप घ्या. सोसली तर पुढची. कापलेली स्ट्रिप केमिस्ट सहसा परत घेत नाहीत, आणि न कापलेल्या स्ट्रिपसाठीही बिल मागतात, ते जपून ठेवा.