‘बनगरवाडी’ एकदा उघड

कडा, ता. आष्टी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल अक्काचा फोन आला. तुझे मार्क कौतुकाने सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, “बनगरवाडीवर आठ पानं लिहिली त्यानं, पुस्तक मात्र घरात आणलंच नाही. सगळं गाईडातून.” तेव्हापासून घास गोड लागेना.

एम. ए. मराठी करतोस, उद्या वर्गावर उभा राहशील. ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण’ हे तू लिहिलंस, शेजारच्या बाकावरच्यानेही लिहिलं असेल. त्यात तुझं काय? माडगूळकरांनी ही गोष्ट वाडीतल्या धनगराला सांगायला न लावता बाहेरून आलेल्या मास्तराला का सांगायला लावली? दुष्काळात वाडी ओस पडते, ते इतक्या थोड्या शब्दांत का? पुस्तकाला असं विचारत वाचलं की स्वतःचं वाक्य सुचतं. गाईडात उत्तरं मिळतात रे, प्रश्न नाही मिळत.

पैठणच्या नाथांचं बघ. 1573 साली एकनाथी भागवत पुरं झालं होतं. तरी 1584 मध्ये ते ज्ञानेश्वरीच्या पोथ्या पुढ्यात घेऊन बसले. जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांमध्ये शिरलेले चुकीचे पाठ पारखून त्यांनी ग्रंथ शुद्ध केला. एवढा मोठा लिहिणारा, तोही आधी वाचणारा.

आणि तू पुस्तकच उघडलं नाहीस.

रागावतोय, कारण मीही हेच केलं होतं. नोट्स पाठ करून पहिला वर्ग मिळवला. आण्णा गेले तेव्हा त्यांच्याविषयी लिहायला बसलो. ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘हाडाचे शेतकरी’ एवढंच उतरलं. तुझे आजोबा मोटेवर बैलांशी कसे बोलायचे, जेवताना पहिला तुकडा कुत्र्याला कसे टाकायचे, ते डोळ्यांपुढे होतं, कागदावर येईना. तो कागद अजून अर्धाच आहे. पुढे 2013 च्या दुष्काळात छावणीवर जनावरांपाशी राहिलो, तिथे ‘बनगरवाडी’ पहिल्यांदा खरी वाचली. फार उशीर झाला होता.

तुला अजून उशीर झालेला नाही, बाळा. तीच प्रत सोबत पाठवतोय. पानांना पेंडीचे डाग आहेत. कडेला पेन्सिलीने माझे प्रश्न आहेत, पटले नाहीत तर खोड, तुझे लिही.

नगरहून आता रेल्वे कड्याला थांबते. सुट्टीत ये. मामी धपाटे करील, आण्णांचा तो कागद आपण दोघं मिळून पुरा करू. स्टेशनवर घ्यायला मी येतो.

तुझा,
मामा